लिलावाचा रस्ता : जुने गोवे, मोझांबिक आणि अटलांटिकपारचा गुलामांचा व्यापार

दिवाडीच्या फेरीबोटीतून जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उतरले की थोड्याच अंतरावर व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा हा व्हाइसरॉय (जुन्या मराठी कागदपत्रांतला ‘विजरई’) असताना, सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती उभारली गेली. आज दिसते ती १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली. कमानीखालून वर जाणारा रस्ता आता पर्यटकांना चर्चेसकडे नेतो. पोर्तुगीज अमदानीत या रस्त्याला ‘रुआ दिरैता’, म्हणजे सरळ रस्ता, असे नाव होते. सराफ, जवाहिरे आणि कापडवाले यांची दुकाने त्यावर होती आणि रविवार व सणाचे दिवस वगळता रोज सकाळी, ऊन तापण्यापूर्वी, तेथे ‘लेइलांव’ भरत असे. मराठीतला ‘लिलाव’ हा शब्द याच पोर्तुगीज शब्दापासून आला.

त्या लिलावात अरबी घोडे, गालिचे, रत्ने, मृत व्यक्तींच्या घरातले सामान यांबरोबर माणसेही विकली जात. यान ह्युगेन फान लिन्शोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी नोकरीला आला आणि सुमारे पाच वर्षे येथे राहिला. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात या बाजाराचे एक मोठे चित्र आहे. अंगावर सोन्याच्या साखळ्या व विक्रीचे दागिने लटकवून पुकारा करणारे, डोक्यावर छत्री धरलेल्या नोकरांसह हिंडणारे पोर्तुगीज हिदाल्गो, आणि त्या गर्दीत विक्रीसाठी उभी केलेली स्त्री-पुरुष माणसे त्याने वर्णिली आहेत. तरुण, म्हातारे, मुले अशा सर्वांची विक्री जनावरांसारखी होते, असे त्याने नोंदवले. गोव्याविषयीच्या असंख्य पुस्तकांत हे चित्र छापले गेले आहे. त्यातील शहराच्या वैभवाकडे जेवढे लक्ष गेले, तेवढे त्यातील विक्रीच्या मालाकडे गेलेले नाही.

गोव्याचा गुलामांचा व्यापार हा सहसा घरकामापुरता, श्रीमंती मिरवण्यापुरता मर्यादित मानला जातो. अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिका खंडात लाखो आफ्रिकी माणसे नेणाऱ्या व्यापाराशी त्याचा संबंध नव्हता, असाही समज आहे. गुलामांचे ऊस-मळे गोव्यात नव्हते, हे खरे. परंतु त्या व्यापाराचे चलन, त्याचा माल आणि त्याची एक मोठी बाजारपेठ यांचे धागे गोवे, दमण व दीव या बंदरांतून जात होते.

बाजारात कोण विकले जात होते

अल्फोन्सो द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवे जिंकल्यानंतर काही दशकांतच हे शहर ‘एस्तादो द इंडिया’ या पोर्तुगीज पूर्व साम्राज्याची राजधानी झाले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून चीन-जपानपर्यंत जेथे जेथे पोर्तुगीज जहाजे जात, तेथून माणसेही विकत घेऊन आणली जात. मोझांबिक व सोफाळा येथील आफ्रिकी, मलबारातील व चोळमंडलावरील लोक, दुष्काळात आईबापांनी विकलेली मुले, अराकान व चितगावच्या बाजूने चाचांनी पळवून आणलेले बंगाली, जावा-मलाक्केकडील माणसे, काही जपानी व चिनी, अशी ही सरमिसळ होती. बंगालमधील ही लूटमार इतकी वाढली होती की १६३२ मध्ये शाहजहानने हुगळीच्या पोर्तुगीज वसाहतीवर सैन्य धाडले, त्यामागे हेही एक कारण होते.

१६०८ ते १६१० या काळात गोव्यात राहिलेला फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा पिरार द लाव्हाल याने विक्रीस आलेल्या स्त्रियांविषयी लिहिले आहे. भरतकाम, शिवणकाम, वाद्ये वाजवणे, मुरंबे व मिठाई करणे यांत निष्णात असलेल्या या स्त्रियांची किंमत फार थोडी असल्याचे त्याला आश्चर्य वाटले. सर्वांत महाग स्त्रीलाही वीस-तीस पारदांवांहून (तत्कालीन नाणे) जास्त पडत नसत. लिन्शोटेनने या व्यवस्थेचा आर्थिक कणा दाखवला आहे. पोर्तुगीज घरधनी स्वतः काही करीत नसत. गुलाम पुरुष रस्त्यावर पाणी विकत, स्त्रिया लोणची-मुरंबे व हातकामाच्या वस्तू घेऊन फिरत आणि दिवसाची कमाई संध्याकाळी मालकाच्या हाती पडे. पालखीचे भोई, छत्रीवाहक, नावाडी, गोदीतले मजूर हेही बव्हंशी गुलामच. १६०६ मध्ये स्थापन झालेल्या सांता मोनिका मठातील जोगिणींच्या सेवेलाही दासी होत्या.

धर्मसत्तेला हा व्यवहार मुळात अमान्य नव्हता. १५६७ च्या पहिल्या गोवा धर्मपरिषदेने कोणत्या परिस्थितीत माणसाला गुलाम करणे ‘न्याय्य’ ठरते याचे नियम घातले आणि ख्रिस्ती गुलाम बिगरख्रिस्ती मालकाकडे राहू नये, अशी तजवीज केली. प्रश्न मालकाच्या धर्माचा होता, मालकीचा नव्हता.

मराठी वाचकाला येथे एक तुलना आठवल्याशिवाय राहणार नाही. १६७७ मध्ये कर्नाटक मोहिमेवर असताना शिवाजी महाराजांनी डचांना दिलेल्या कौलात, यापूर्वीच्या राजवटीत तुम्हाला माणसे खरेदी-विक्री करण्याची मोकळीक होती, ती आमच्या राज्यात मिळणार नाही, असे बजावले होते. युरोपीय कंपनीशी झालेल्या तत्कालीन करारांत असे कलम विरळाच. तथापि या अभिमानाला एक जोड द्यायला हवी. पुढे पेशवाईत ‘कुणबिणी’ व ‘बटकी’ यांची खरेदी-विक्री राजरोस होत होती आणि सरकारी दप्तरांत त्यांच्या किमतींच्या नोंदी आहेत. गुलामी हे केवळ परकीयांचे पाप होते, असे म्हणण्याची सोय इतिहास देत नाही.

कवडी, कापड आणि तंबाखू

पंधराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत अटलांटिकपार नेण्यासाठी सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसे जहाजांत चढवली गेली, असा आज मान्य असलेला अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. सर्वांत मोठा वाटा ब्राझीलचा, जवळजवळ ४८ लाखांचा. शालेय पुस्तकांत हा व्यापार त्रिकोणाने समजावला जातो : युरोपातून माल आफ्रिकेत, आफ्रिकेतून माणसे अमेरिकेत, अमेरिकेतून साखर युरोपात. या त्रिकोणाच्या पहिल्या बाजूवर ‘माल’ असे जे लिहिलेले असते, तो कोठून येत होता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

त्यातला एक मोठा भाग भारताकडून येत होता. पश्चिम आफ्रिकेच्या बेनिन किनाऱ्यावर व्यवहाराचे नाणे कवडी हे होते आणि ती कवडी मालदीवच्या समुद्रातून निघे. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीजांनी भारतातील आपल्या बंदरांतून कवड्या लिस्बनला आणि तेथून आफ्रिकेला नेल्या. पुढे डच व इंग्रजांनीही तेच केले. गोव्यास येण्यापूर्वी जहाज फुटून मालदीवला अडकलेल्या पिरारने तेथून कवड्यांनी भरलेली जहाजे जाताना पाहिली होती. ‘कवडीमोल’ हा शब्द आपण क्षुल्लक किमतीसाठी वापरतो. बेनिनच्या किनाऱ्यावर पोत्यांनी मोजलेल्या कवड्या देऊन माणूस विकत घेतला जात होता.

कापडाची गोष्ट याहून मोठी. आफ्रिकी व्यापाऱ्यांना निकृष्ट माल देऊन फसवले जाई, ही समजूत चुकीची आहे. त्यांना कोणता रंग, कोणती किनार, किती लांबीचे कापड हवे याचे फार काटेकोर आग्रह असत आणि फॅशन बदलली की जहाजभर माल पडून राही. भारतीय सुती कापड पक्क्या रंगाचे, हलके आणि धुतल्यावर टिकणारे असल्याने त्याला पर्याय नव्हता. अठराव्या शतकात अंगोलातील लुआंडा बंदरात गुलामांच्या बदल्यात उतरवल्या जाणाऱ्या मालात आशियाई कापडाचा वाटा सर्वांत मोठा होता. गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजे ब्राझीलमधील साल्व्हादोर द बाहिया येथे थांबत आणि तेथेच बरेचसे कापड उतरे. कायद्याने त्यावर अनेक बंधने होती, ती बहुधा कागदावरच राहिली. बाहियाचे व्यापारी ते कापड आफ्रिकेकडे पाठवीत आणि तेथून माणसे आणीत.

उलट दिशेने ब्राझीलचा तंबाखू गोव्यात येई. येथील तंबाखूचा सरकारी मक्ता हा पोर्तुगीज तिजोरीच्या उत्पन्नाचा एक प्रमुख आधार होता. बाहियातील हा तंबाखू मोठ्या प्रमाणात गुलामांच्या श्रमावर पिके. त्याच पिकातला काकवी लावून गुंडाळलेला माल आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या खरेदीत चाले आणि तपकिरीसाठी निवडलेला माल गोव्यात येई. काजू, मिरची, अननस यांच्या आगमनाची कथा गोव्यात कौतुकाने सांगितली जाते. ज्या सागरी मार्गाने ती पिके आली, त्यावरून आणखी काय ये-जा करीत होते, हे त्या कथेत सहसा येत नाही.

थेट माणसेही अमेरिकेपर्यंत पोचली. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगाल व स्पेन यांचा राजा एकच होता. पोर्तुगीज व्यापारी भारतातील गुलाम मलाक्केमार्गे मनिलाला विकत आणि तेथून स्पॅनिश गलबते त्यांना मेक्सिकोतील आकापुल्कोला नेत. मेक्सिकोत त्या सर्वांना, कोठलेही असोत, ‘चिनो’ म्हणत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध स्त्री कातारिना द सान हुआन. बालपणी भारताच्या किनाऱ्यावरून पळवलेली, कोचीनला बाप्तिस्मा दिलेली आणि पुएब्ला शहरात विकलेली ही स्त्री १६८८ मध्ये मरण पावली, तेव्हा लोक तिला संत मानून दर्शनाला लोटले. १६७२ मध्ये स्पॅनिश राजसत्तेने ‘चिनो’ गुलामांना मुक्त करण्याचा हुकूम काढला. आफ्रिकी गुलामांना तो लागू नव्हता.

गोव्याच्या हुकमतीतले मोझांबिक

या साऱ्यात गोव्याचा सर्वांत घट्ट संबंध मोझांबिकशी होता. आज ते दूरचे आफ्रिकी राष्ट्र वाटते, पण १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चाले. तेथील अधिकारी गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली असत. तेथील किल्ल्यांसाठी शिपाई, तेथील चर्चेससाठी पाद्री आणि तेथील बाजारासाठी कापड येथूनच जाई.

कापडाच्या या व्यापारावर दीवच्या वाण्यांची पकड होती. १६८६ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने दीवच्या व्यापाऱ्यांच्या मंडळाला दीव-मोझांबिक व्यापाराचा मक्ता दिला. मराठी वाचकांना हा आल्व्होर वेगळ्या प्रसंगातून परिचित आहे. १६८३ मध्ये फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घालून संभाजी महाराजांच्या सैन्यापुढे माघार घेणारा व्हाइसरॉय तो हाच. या मंडळाला पोर्तुगीज कागदांत ‘माझानेस’ म्हटले आहे. हा शब्द म्हणजे आपला ‘महाजन’. गुजरातेत जंबुसर व आसपासच्या गावांत विणलेले कापड हे महाजन मोझांबिक बेटावर उतरवीत. तेथून ते उधारीवर खंडाच्या अंतर्भागात जाई आणि हस्तिदंत व सोने बाहेर येई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र त्याच कापडाने घेतलेल्या वस्तूंत माणसांचे प्रमाण झपाट्याने वाढले. इतिहासकार पेद्रो माशादो यांनी १७५० ते १८५० या शतकाचा जो अभ्यास केला आहे, त्यात भारतीय विणकर, वाणी, आफ्रिकी मध्यस्थ आणि ब्राझीलचे जहाजमालक ही एकाच साखळीची कडी असल्याचे सप्रमाण दिसते. वाणी स्वतः प्रायः गुलामांची जहाजे अमेरिकेला पाठवीत नव्हते. पण त्यांच्या कापडाशिवाय ती जहाजे भरली नसती.

गोमंतकीयही तेथे होते. झांबेझी नदीच्या खोऱ्यात पोर्तुगीज राजसत्ता ‘प्राझो’ नावाच्या जहागिऱ्या देत असे. त्या मिळवणाऱ्यांत पोर्तुगिजांबरोबर गोव्याहून गेलेले ख्रिस्तीही होते. पोर्तुगीज त्यांना ‘कानारी’ म्हणत. प्राझोच्या मालकाचे बळ त्याच्या ‘चिकुंदा’ नावाच्या गुलाम-सैनिकांत असे. हेच सैनिक शिकार करीत, कर वसूल करीत आणि गुलाम पकडूनही आणीत. म्हापशात १८३५ मध्ये जन्मलेला मानुएल आंतोनियो द सौझा तरुणपणी तेथे गेला आणि ‘गौव्हेया’ या नावाने गोरोंगोझाचा जवळजवळ स्वतंत्र सत्ताधीश झाला. १८९२ मध्ये लढाईत मारला जाईपर्यंत पोर्तुगीज सत्तेला त्याच्या खासगी फौजेवाचून त्या प्रदेशात पाऊल टाकता येत नव्हते. गोव्यात वसाहतीची प्रजा असलेला माणूस समुद्र ओलांडताच वसाहतीचा मालक होऊ शकत होता. गोमंतकीय स्थलांतराच्या इतिहासातले हे पान फारसे वाचले जात नाही.

मोझांबिकहून थेट गोवे, दमण व दीव येथे येणाऱ्या गुलामांची संख्या त्या मानाने लहान. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपासून १८३० पर्यंत वर्षाला सरासरी दोनशे ते अडीचशे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. खरा लोंढा पश्चिमेकडे वळला होता. ‘साओ जुझे’ नावाचे पोर्तुगीज जहाज १७९४ मध्ये चारशेहून अधिक माणसे घेऊन मोझांबिक बेटाहून ब्राझीलच्या मारान्यावकडे निघाले आणि २७ डिसेंबर रोजी केपटाऊनजवळ खडकावर आदळले. दोनशेहून अधिक माणसे बुडून मेली. जी वाचली, ती केपमध्ये विकली गेली. या जहाजाच्या अवशेषांची ओळख २०१५ मध्ये जाहीर झाली.

ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला आणि पोर्तुगालवर दबाव आणून १८१५ च्या कराराने विषुववृत्ताच्या उत्तरेकडील व्यापारावर बंदी घालायला लावली. मोझांबिक विषुववृत्ताच्या दक्षिणेला. शिवाय १८११ पासून तेथील बंदरांना ब्राझीलशी थेट व्यापाराची मुभा होती. परिणामी, बंदी येऊ लागली तसा मोझांबिकचा व्यापार वाढला. अंगोलाहून रिओ द जानेरोला पोचायला पाच-सहा आठवडे लागत. मोझांबिकहून, केपला वळसा घालून, दोन-अडीच महिने. वाटेतल्या मृत्यूंचे प्रमाण त्यामुळे अधिक होते. अटलांटिकच्या एकूण व्यापारात आग्नेय आफ्रिकेतून नेलेल्या माणसांची संख्या सुमारे ५ लाख ४० हजार मानली जाते आणि त्यातली बहुतेक या शेवटच्या काही दशकांतली आहेत. रिओतील ज्या वालोंगो धक्क्यावर ती उतरली, तो २०१७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला. मोझांबिक बेट १९९१ पासून त्या यादीत आहे आणि जुन्या गोव्यातील चर्चेस व मठ १९८६ पासून.

दमण, माळवा आणि इंदूर

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दमणच्या बंदराला एक दुसरा व्यापार लाभला आणि त्याचे मूळ समुद्रापासून शेकडो मैल आत, माळव्यात होते. इंदूर, उज्जैन, मंदसौर या भागांत पिकणारी अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या मक्त्याबाहेरची होती. ती मुंबईतून बाहेर पडू नये म्हणून कंपनीने नाकेबंदी केली, तेव्हा सावकारांनी तिला राजस्थानच्या वाळवंटातून कराचीला आणि तेथून गलबतांनी दमणला आणण्याची वाट काढली. पोर्तुगीज बंदर असल्याने तेथून ती मकावमार्गे चीनला जाई. मुंबईत पेढी असलेला गोमंतकीय व्यापारी रोजेरिओ द फारिया हा या व्यापारातील एक अग्रणी होता. १८३५ मध्ये बेर्नार्दो पेरिस द सिल्वा या पहिल्या गोमंतकीय प्रीफेक्टला लष्करी बंडाने गोव्यातून हुसकावले, तेव्हा त्याच्या पुनरागमनाच्या फसलेल्या मोहिमेला पैसा पुरवला तो याच फारियाने. गोव्याच्या राजकीय हक्कांच्या पहिल्या लढ्यामागे माळव्याच्या अफूचा पैसा होता, हा योगायोग नजरेआड करण्याजोगा नाही.

जॉन माल्कम याच सुमारास माळव्यात होता. जानेवारी १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली आणि पुढे कंपनीने अफूच्या व्यवहारासाठी आपला एजंटही इंदुरात बसवला. माल्कमने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य भारतावरील ग्रंथात त्या प्रदेशातील गुलामगिरीची नोंद केली आहे. तेथील गुलाम बहुतांशी स्त्रिया होत्या आणि त्यांची संख्या त्याला भारतातील अन्य प्रांतांच्या मानाने फार मोठी वाटली. समुद्रकिनारी पोर्तुगीज, आत मराठा व राजपूत संस्थाने, यांतल्या कोणालाही माणूस विकत घेणे ही विशेष गोष्ट वाटत नव्हती. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि दमणचा अफूचा व्यापार आटला. त्याच वर्षी कंपनीच्या मुलखात गुलामगिरीला कायद्याचा आधार उरला नाही, आणि त्याच वर्षी पणजी ही गोव्याची अधिकृत राजधानी झाली.

पोर्तुगालने आपल्या प्रदेशांतला गुलामांचा व्यापार १० डिसेंबर १८३६ च्या हुकमाने बंद केला आणि १८४२ मध्ये ब्रिटनशी त्याबाबत करार केला. पण व्यापार बंद होणे आणि गुलामी संपणे यांत अंतर होते. १८५४ मध्ये गुलामांची नोंदणी झाली. १८६९ मध्ये त्यांना ‘लिबेर्तो’ असे नवे नाव मिळाले, तरी जुन्या मालकाकडे काम करण्याची सक्ती कायम राहिली. १८७० चे दशक सरत आले तेव्हा कोठे तीही उठली. ब्राझीलने १८८८ मध्ये गुलामगिरी रद्द केली.

काय उरले

गोव्यात या इतिहासाच्या खुणा चर्चेसच्या भिंतींपेक्षा भाषेत आणि स्वयंपाकघरात अधिक आढळतात. अरबी ‘काफिर’ वरून पोर्तुगीजांनी आफ्रिकी माणसाला ‘काफ्रे’ म्हटले. कोकणीत त्याचे ‘खापरी’ झाले. हॉटेलांच्या यादीत मानाने मिरवणारे ‘चिकन काफ्रियाल’ हे नाव त्याच शब्दातून आले आहे आणि ते पक्वान्न मोझांबिकहून आल्याचे मानले जाते.

कागदपत्रेही आहेत. १५९५ मध्ये दियोगो द कोउतो याला पहिला दप्तरदार नेमून स्थापन झालेले गोव्याचे पुराभिलेखागार आशियातील जुन्या संग्रहांपैकी एक असून, लिस्बन व गोवे यांच्यातल्या वार्षिक पत्रव्यवहाराची ‘मोंसोइंश दो रैनो’ ही ग्रंथमाला तेथे आहे. ‘मोंसांव’ म्हणजे मॉन्सून. जहाजे ज्या वाऱ्यावर येत, त्याचेच नाव दप्तराला पडले. जेनेट पिंटो यांचा पोर्तुगीज भारतातील गुलामगिरीवरचा १९९२ चा ग्रंथ १५१० ते १८४२ या कालखंडाचा आढावा घेतो आणि या विषयात पुढे जाणाऱ्याला आजही तेथूनच सुरुवात करावी लागते.

माणसेही आहेत. गोव्यातील मालकांकडून पळालेले गुलाम सीमेपलीकडच्या घनदाट रानात शिरत. उत्तर कन्नडमधील हल्याळ, यल्लापूर व अंकोला या तालुक्यांत आणि लगतच्या बेळगाव व धारवाड जिल्ह्यांत राहणारे सिद्दी हे त्यांचेच वंशज असल्याचे मानले जाते. जंजिऱ्याच्या सिद्दीशी त्यांची गल्लत करू नये. तो समुद्रावरचा सत्ताधीश होता, हे रानात शेतमजुरी करून जगलेले लोक. त्यांच्यात ख्रिस्ती, हिंदू व मुस्लिम असे तिन्ही धर्म पाळणारे आहेत. उत्तर कन्नडमधील सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, बेळगाव व धारवाडमधील सिद्दींना २०२० मध्ये. त्यांची घरची बोली कोकणीचाच एक प्रकार आहे, तीत मराठी व कानडी शब्द मिसळलेले.